कमरेपासून मानवतपर्यंत

माहं नाव गयाबाई. आमी धनगर. जन्म रानातच झाला, मेंढरं गंगेच्या काठाला बसलेली होती आन माही आई बाभळीखाली गेली आन मला घेऊन आली, एवढंच मला ठावं हाय. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतेत. जन्माची तारीख म्हणाल तर आधार कार्डावर एक हाय, ती मास्तरनं अंदाजानं टाकली, तिच्यावर माहा भरवसा न्हाई. लगीन होऊन पालमकडं आले. लगनाच्या दुसऱ्या महिन्यात मालक म्हणले, चल, आन मी त्यांच्या मागं निघाले ते चालतच राहिले.

काय सांगू तुमाला, आमचं चालणं म्हणजे एकच रस्ता, दर साली तोच. दिवाळी झाली की पालमच्या माळावरून निघायचं, गंगेचा पूल उतरायचा, मग पिंगळीला रेल्वेच्या पल्याड एका पाटलाच्या रानात मुक्काम, तिथं मेंढरं बसवायची. मेंढरं बसली की रानाला खत होतंय, म्हणून रानवाले स्वतःहून बोलावतेत, ज्वारी देतेत. मग परभणीला बाहेरून वळसा घालायचा आन मानवत. मानवतकडं कापूस वेचून झालेला असतो, पाला लय असतो, मेंढरं तिथं अशी चरतेत की मान वर करत न्हाईत. मालक पुढं, मधी मेंढरं, मागं मी. मागून चालणाऱ्याला धूळ लय लागती. सकाळच्या उन्हात ती धूळ पिवळी होती आन मालक तिच्यात दिसायचे, न्हाई दिसायचे, नुसती काठी दिसायची. मला ते लय आवडायचं. धुळीत डोळे अर्धे मिटून चालायचे मी, झोपेत चालल्यावाणी. मालक गेले त्याला आता तीन सालं झाली. त्यांच्या जागी पुढं सून चालायली, सुमन तिचं नाव. मी मागंच.

लेक हाय, लक्ष्मण, टेम्पो चालवतो. लेक चांगला हाय, पण मेंढराचा त्याला कंटाळा. लहानपणी शाळेत पोरं त्याला वास येतो म्हणायची, ते त्याच्या मनातून गेलं न्हाई.

तर ते दुखणं. डाव्या कमरेत आलं आधी. म्हणलं चालण्यानं आलंय, चालण्यानंच जाईल. ते गेलं न्हाई, खाली उतराया लागलं. मांडीच्या मागून, गुडघ्याच्या मागून, पोटरीतून, पार घोट्यापर्यंत. करंट लागल्यावाणी कळ जायची आन मी जागेवर उभी राहायचे, मेंढरं पुढं निघून जायची. मेंढरू लंगडलं की आमी काय करतो, पाय धरतो, खूर बघतो, काटा असतोच, काढला की झालं. तसंच मला वाटलं, दुखायलंय घोट्यात तर खोट घोट्यातच असंल. गावात एक म्हातारा हाय, त्याच्याकडून मी पोटरीला डाग देऊन घेतले, विळा तापवून, तीन डाग. मीच म्हणले दे. लक्ष्मण लय चिडला, म्हणला आई तू काय मेंढी हाय का. मी म्हणले मेंढीचं बरं होतंय बाबा, माहं बी होईल. न्हाई झालं. पोटरी भाजली ती वेगळीच, आठ दिवस फोड घेऊन बसले.

आन एक गंमत झाली बघा. दुखणं रोज त्याच वाटेनं जायचं. कमरेतून निघायचं, मांडी उतरायचं, गुडघ्यामागं थांबायचं, घोट्याला जाऊन बसायचं. पडल्या पडल्या मी म्हणलं, अगं हा तर आपलाच रस्ता. मग कमरेला मी पालम म्हणू लागले. मांडी म्हणजे गंगेचा पूल, गुडघ्याची मागची बाजू पिंगळी, घोटा मानवत. नाव दिलं की दुखणं जरा ओळखीचं होतंय, तेवढीच भीती कमी. सुमन भाकरी थापता थापता विचारायची, आत्याबाई, कुठवर आलंय? मी म्हणायचे, गंगा उतरलं बाई, आज पिंगळीतच मुक्काम दिसतोय. ती हसायची. हसता हसता डोळ्याला पदर लावायची, ते बी मला दिसायचं.

एक दिवस लक्ष्मण समोर येऊन बसला. म्हणला, आई, दिवाळीपर्यंत बघू. तू चाललीस तर चाल, न्हाई तर मेंढरं विकून टाकू, सुमन एकटी एवढा कळप नेणार कशी. तो काही खोटं बोलत नव्हता. पण मेंढरं गेली तर मालक बी दुसऱ्यांदा जातील असं वाटलं मला. आता तुमाला येडेपणा वाटंल.

मग सुमननंच कुठून तरी चौकशी केली आन एसटीनं मला परभणीला नेलं. लक्ष्मण बी आला. डॉक्टर बाई होत्या, वयानं सुमनएवढ्याच. त्यांनी मला त्या बोगद्यावाणी मशीनमधी घालून फोटो काढायला लावले. मग सांगितलं की मणक्याची गादी सरकलीय आन पायाला जाणारी नस तिथं दाबली जायली. पोटरीवरचे डाग बघितले, नुसता हात ठेवला त्याच्यावर. म्हणल्या, इंजेक्शन देऊ, नसेच्या तोंडाशी, मशीनमधी बघत बघत, म्हणजे दवा नेमक्या जागी पडती. मी म्हणले, बाई, दुखायलंय पायाला आन सुई पाठीत? त्या म्हणल्या, आजी, पाय दुखतोय पण खोट पाठीत आहे, नस तिथून निघते. शुगर तपासली, रक्त पातळ करायची गोळी घेता का विचारलं. आन साफ सांगितलं, गुण आला तर काही महिने राहील, किती ते मी सांगू शकत नाही, काहींना येत बी नाही. मला ते बरं वाटलं, खोटा भरवसा दिला न्हाई.

त्या खोलीत लय गार होतं. पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. वर कमानीवाणी मोठं यंत्र, आन बाजूला टीव्ही, मान वळवली की मला दिसायचा. त्यात माहाच कणा. राखाडी राखाडी, धुकं पडल्यावाणी, आन त्या धुक्यात एकामागं एक मणके, कळप उतारावरून खाली यावा तसे. मी बघतच राहिले. आपल्या आत एवढं सगळं असतंय आन आपल्याला ठावंच न्हाई. पहिली सुई टोचली, मग जागा बधिर झाली. टीव्हीत एक बारीक काळी रेघ हळूहळू पुढं सरकायली, ती त्यांची सुई. डॉक्टर बाई म्हणल्या, आजी, आता आत दवा सोडते, कळ गेली तर गप्प बसायचं नाही, कुठं गेली ते सांगायचं, रोजच्याच जागी जाते का ते मला कळायला पाहिजे.

कळ गेली. आन काय सांगू, मला आपोआप डोळे मिटल्यावाणी झालं, ती पिवळी धूळ दिसायली, पुढं काठी दिसायली. मी म्हणले, निघालं पालमहून. मग म्हणले, गंगा उतरायली. मग म्हणले, आलं पिंगळीला.

डॉक्टर बाई एकदम थांबल्या. म्हणल्या, आजी, तुमचं नाव सांगा. मी सांगितलं. म्हणल्या, आत्ता तुम्ही कुठं आहात? मी म्हणले, पिंगळीला. त्यांना वाटलं म्हातारीच्या डोक्यात दवा गेली. नर्स पळत आली, नाडी धरली, कोणी दार उघडून सुमनला हाक मारली, यांना कधी भ्रम होतो का. सुमन दारातूनच म्हणली, न्हाई न्हाई डॉक्टर, बरोबर सांगायल्या त्या, पालम म्हणजे कंबर, गंगा म्हणजे मांडी, पिंगळी गुडघ्याच्या मागं. आमचा मेंढराचा रस्ता हाय तो, मामंजी पुढं चालायचे आन ह्या मागं. एवढं तिनं एका दमात सांगितलं. लक्ष्मण तिच्या पाठीशी उभा होता, त्याला ह्यातलं काहीच ठावं नव्हतं.

डॉक्टर बाई लय हळू म्हणल्या, बरं आजी, आता मानवत किती लांब आहे? मी म्हणले, हे काय, पोचलंच. त्या म्हणल्या, मग जागा बरोबर सापडली, आता हलायचं नाही. आन राहिलेली दवा सोडली. पायात ऊन ऊन वाटलं, मग जड वाटलं, मग काहीच वाटलं न्हाई.

लगेच काही जादू झाली न्हाई. चार-सहा दिवस तसंच होतं. मग एका सकाळी चुलीपाशी गेले, पाणी ठेवलं, आन ध्यानात आलं की मी भिंतीला न धरता आले. सुमनला हाक मारली न्हाई. तशीच उभी राहिले जरा वेळ, रडले, मग चहा टाकला.

दिवाळी आली. मला वाटलं लक्ष्मण आता व्यापाऱ्याला घेऊन येतो. तो एकटाच आला. अंगणात बसला, बापाची काठी कोपऱ्यात होती ती घेतली, पुसली. म्हणला, महिनाभर टेम्पो उभा करतो. सुमन पुढं राहील, मी मागं चालतो, तुला जमंल तेवढं तू चाल. मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. ज्या पोराला त्या वासाची लाज वाटायची, त्यानं धूळ मागून घेतली.

तर बघा, मी पालमहून चालत आले. एका दिवसाच्या वाटेला चार दिवस लावले, पण पायानं आले, गंगेच्या पुलावर उभी राहून पाणी बघितलं. डॉक्टर बाईनं जड उचलू नको म्हणलंय, पाठीचे व्यायाम सांगितलेत, ते करते. इथं पिंगळीला पाटलाच्या रानात थांबले, पुढं झेपायचं न्हाई ते मलाच कळलं. ते दोघं मेंढरं घेऊन काल मानवतकडं गेले. लक्ष्मण मागं होता, धुळीत दिसायचा, न्हाई दिसायचा.

तुमी त्याच रस्त्यानं जायले म्हणता. वाटंत भेटले तर सांगा, आत्याबाई मजेत हाय, जेवती, झोपती. एक मात्र सांगू नका. कालपासून कमरेत जरासं हललंय. पालमलाच हाय अजून, निघालं न्हाई. परत आलं तर या म्हणून डॉक्टर बाईनं सांगितलंय, मी जाईन, लपवणार न्हाई. पण आता कळलं तर दोघं बी अर्ध्या वाटेतून माघारी फिरतील. पोरानं पहिल्यांदा काठी धरलीय. देवा, त्यांना मानवत बघू दे.