उसनी मुलं

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, ऐकू येतंय. बोल… नाही, तू थांब, आधी मी बोलते. घर मिळालं!

…म्हणजे, मिळाल्यासारखंच. त्याच घरात उभी आहे मी. रिकामं आहे, म्हणून आवाज घुमतोय… नाही गं, बाथरूममधून नाही बोलत.

ऐक ना. बेकरीच्या वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं छोटीशी गच्ची… हो, कठडा आहे. तुझ्या धाकट्या भोंग्याच्या हनुवटीपर्यंत येईल… चढेल? हो, तो चढेल. तो भिंतीवरही चढेल. जाळी लावून घेऊ.

आधी सांग, तुझ्या लेकीचं काय? वकीलबाई काय म्हणतायत?… अजून कपाटातच? आणि जेवण?… तेही कपाटात? अगं, दार तरी उघडं ठेव…

काय?… म्हणजे आत माणूस असलं की कपाट सामानाच्या गाडीत चढवता येत नाही, म्हणून?… नाही, हसत नाहीये. खोकला आला. मुद्दा मात्र बिनतोड आहे हं पोरीचा… बाजू घेत नाहीये मी तिची!

ताई… ताई, असं नको बोलूस. बदली नको म्हणून कळवणार? किती वर्षं वाट बघितलीस त्या जागेची? सगळा एक्स-रे विभाग तुझ्या हाताखाली येणार, आणि तू… हो, मला माहितीय पोरगी नुसतं म्हणत नाही, करते. तिला ओढत आणायची नाही, हेही मान्य… पण हॉस्पिटलला संध्याकाळपर्यंत सांगायचंय ना? मग अजून दुपार आहे. भावजी काय म्हणतात?… 'तुम्ही ठरवा.' हो, ते तेच म्हणणार. लग्न ठरतानाही तेच म्हणाले होते.

तू घराचं ऐक. सगळ्या वस्त्या नीट पद्धतशीर बघितल्यात मी. तळ्याकाठची बाद… सुंदर आहे, म्हणूनच तर संशय आला. बागेत घसरगुंडी आहे, आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं, वरपासून खालपर्यंत… म्हणजे काय म्हणजे? कुणी घसरतच नाही तिथं! पाट्या मात्र जागोजागी. पळू नये, ओरडू नये, चेंडू आणू नये. भोंग्याला शिंकायला अर्ज करावा लागला असता.

शाळेसमोरचीही बाद. मधला रस्ता. सिग्नल हिरवा होतो, मोठी माणसं पलीकडे पोचतात, आणि लहान मूल बरोबर मध्यावर असताना लाल होतो… करून बघितलं ना मी!… नाही, मी कशी लहान होईन? मुलं घेऊन गेले होते.

…मुलं गं. दोन. आमच्या खाली दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात ना, त्यांची. मोठी वकीलबाईंच्या वयाची, धाकटा भोंग्याच्या… उसनी घेतली… विचारून! न विचारता मुलं कोण घेऊन जाईल? उलट त्या म्हणाल्या, उद्याही न्या.

यात हसण्यासारखं काय आहे? पाणी तपासताना मी प्रयोगशाळेत बसून नदीचा अंदाज करते का? नदीचं पाणी आणते. तसंच हे. मुलांना वस्ती कशी वाटेल हे बघायचं, तर मुलं न्यायला नकोत?… हां. पटलं ना? मग.

तर ही गल्ली. आल्या आल्या काय दिसलं सांगू? रस्त्यावर खडूनं काढलेली भलीमोठी मगर. आणि माणसं तिच्या शेपटीला वळसा घालून चालतायत. पोस्टमनसुद्धा! सायकलवरून उतरला, वळसा घातला, परत चढला… तेच म्हणतेय मी. जिथं मोठी माणसं खडूच्या मगरीला वाट देतात, तिथं…

हो, नळ बघितले. सगळे एकदम सोडून. धार ठीक. जमिनीवर गोटी सोडली, ती स्वयंपाकघराकडे जाते. थोडासा उतार आहे, पण भोंगा दूध सांडतो तेव्हा एकाच बाजूला पुसावं लागेल, हा फायदा धर. भिंतीला ओल नाही. हात लावला, नाक लावलं… चाटली नाही, ताई. मी पदवीधर आहे.

आणि जमीन गरम! खाली भट्टी ना. मुलांच्या खोलीत मी आडवीच झाले बघायला, तर डोळा लागला… उन्हाळ्यात? उन्हाळ्यात… गच्ची आहे.

घरमालकीण? बेकरीवाल्या काकूच. एकट्या आहेत. खूप चांगल्या आहेत… अगं चांगल्याच आहेत, का असं विचारतेस?… नाही, माझा आवाज नाही बदलला. खोली घुमतेय.

…बरं. एक छोटी अडचण आहे. त्या रात्रभर पाव भाजतात आणि दुपारी झोपतात. याच खोल्यांच्या खाली. त्यामुळं त्यांना वर शांत भाडेकरू हवेत… ऐकून तर घे! आधीच एक जोडपं बघून गेलंय. दोघंच, दिवसभर कामावर. तरी काकू म्हणाल्या, मुलंबाळं असलेलं घर मला आवडेल, पण मुलं अशी हवीत. म्हणून.

…'अशी' म्हणजे… ही. डॉक्टरीणबाईंची… हो, आणली होती ना मी सोबत. इथंच आहेत, खाली पायरीवर बसून पाव खातायत. ताई, तुला काय सांगू, असली मुलं मी बघितली नाहीत. 'आ' म्हटलं की तोंड उघडतात, नाहीतर मिटलेलं. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, काय गं वळण लावलंयस!

…मला. मला म्हणाल्या… हो. त्यांना वाटलं माझीच आहेत.

मी खोटं नाही बोलले! त्यांनी विचारलंच नाही कुणाची… 'एवढ्याशा वयात दोन?' एवढंच म्हणाल्या, मी नुसती हसले… हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे… ओरडू नकोस… माहितीय मला भोंगा कसा आहे! मीच ठेवलंय ना ते नाव त्याचं? सांगणारच होते मी त्यांना. फक्त योग्य वेळ… ताई, थांब, थांब. कुणीतरी वर येतंय.

…काकू! या ना… काय? काय सांगितलं धाकट्यानं?… 'आम्हाला उसनं आणलंय'?

…काकू, तसं नाही, थांबा… पळवून? छे छे! यांची आई दातांची डॉक्टर… अरे बाळा, सांग ना काकूंना मी कोण!… 'माहीत नाही' काय? रोज जिन्यात भेटतो ना आपण!… ताई, तू ठेवू नकोस, तू साक्षीदार आहेस.

काकू, हे बघा, ही फोनवर माझी बहीण. खरी आई ती. म्हणजे यांची नाही, जी इथं राहायला येणार त्यांची. मी मावशी. म्हणजे यांची नाही, त्यांची… हो, ही नुसती बघायला आणली होती. चाचणीसाठी… नाही, ती अशी नाहीत… अगदीच अशी नाहीत.

ताई, काकू म्हणतायत, खरी मुलं कशी आहेत ते त्यांना ऐकायचंय… आत्ता. जोडप्याला उत्तर द्यायचंय त्यांना. स्पीकर लावू?… भोंगा काय करतोय? झोपलाय का, नशीब असलं तर?… बरं, लावते. फक्त त्याला आधी… अरे देवा.

…हे काय होतं?… बादली? डोक्यावर? आणि आत ओरडतोय? का?… स्वतःचा आवाज कसा लागतो ते बघायला. हं. संशोधक आहे… नाही काकू, कुत्रा नाही. भाचा.

ताई, काकू कानावर हात ठेवून उभ्या आहेत… हो, सांगते. काकू, ताई म्हणतेय, मुलं शाळेतून येतील तेव्हा तुमची झोप ऐन रंगात असेल, आणि खोटी हमी ती देणार नाही. तुम्ही त्या जोडप्यालाच… ताई, हे काय सांगायला लावतेस मला? भांडून तरी बघ… म्हणजे झालं तर मग? घर नाही, बदली नाही, काही नाही?… ताई, रडू नकोस ना गं…

…कोण? कोण बोललं हे? 'आक्षेप आहे'?… कपाटातून? तिला सगळं ऐकू येतंय? मग दे ना तिला फोन. दे! दारातून सरकव आत.

हं, वकीलबाई, बोला. मावशी आहे… हो, समोरच उभ्या आहेत. पण इथं नुसता घुमारा आहे, त्यांना काही समजत नाहीये. तू सांग, मी पोचवते… हं… हं… अगं हे कसं सांगू मी त्यांना?… बरं, बरं.

काकू, भाची विचारतेय… रागावू नका हं, आठ वर्षांची आहे… ती विचारतेय की तुम्ही पाव रात्री भाजता. तेव्हा खाली मशीन चालतं का, पत्रे आपटतात का?… चालतं म्हणतायत. आपटतातही… हं. तर ती म्हणतेय, रात्री आम्ही झोपलेलो असू. आमच्या झोपेत तुम्ही आवाज करणार, आणि तुमच्या झोपेत आम्ही करायचा नाही. असं कसं?

…

थांब, बाळा. त्या खाली बसल्यात. जमिनीवरच… नाही, बरं वाटत नाहीये असं नाही. हसतायत.

काय म्हणालात, काकू?… आजवर एकाही भाडेकरूनं विचारलं नाही हे? बघा म्हणजे… वकीलबाई, काकू म्हणतायत पत्रे आपटणार नाहीत, खाली कापड घालतील. पण मशीन चालणारच, नाहीतर पाव होणार नाहीत… 'मशीन चालेल.' काकू, मशीन मंजूर आहे. आणि दुपारी काय?… दुपारी त्या उठेपर्यंत वर पळायचं नाही, उड्या नाहीत, बादली नाही… हो, तो ऐकणार नाही हे मलाही माहितीय… काकू, ती म्हणते भावाला गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नाही, तेव्हा त्याला दुपारी कुठंतरी न्यावं लागेल. कुठं?… मगरीपाशी! गल्लीतली मुलं दुपारभर तिथंच असतात म्हणे, आणि त्या आवाजानं काकू उठत नाहीत, डोक्यावर नाचलं तरच उठतात… खडू? खडू कोण देणार, काकू?… ठीक आहे, मी देते. लिही, मावशी खडू देणार… तू खरंच लिहितेयस? अंधारात?

…हो. विचार.

…

काकू, अजून एक. ती विचारतेय… तिची एक मैत्रीण आहे. अगदी पहिल्या इयत्तेपासूनची. ती सुट्टीत इथं राहायला आली तर चालेल का? आणि आली तर… तिला तुम्ही भाडेकरू धरणार की पाहुणी? कारण पाहुण्यांना नियम थोडे कमी असतात.

…

बाळा, काकू म्हणतायत पाहुणी. आणि पाहुण्यांना पहाटे भट्टी बघायला मिळते… फक्त पाहुण्यांना? थांब, विचारते… घरच्यांनाही. पण स्वतः उठलात तर. त्या हाका मारायला येणार नाहीत.

…हॅलो? हॅलो, वकीलबाई?… ताई? फोन तुझ्याकडे कसा आला?… बाहेर आली? कशाला?… पट्टी हवीय? नकाशा काढणार? कसला नकाशा?… कोण कुठं झोपणार त्याचा!

…ताई… अगं बोल काहीतरी… बरं, नको बोलूस. रड. पण नाक पुसून हॉस्पिटलला फोन कर. आत्ता, ती पट्टी शोधतेय तोवर… हो, तिलाच विचार ना सरळ. कपाट आणायचं की नाही तेही तिलाच विचार… काय म्हणाली?… 'ते तर आणायचंच, त्यात माझ्या वस्तू आहेत.' ऐकलंस?

काकू, येतायत! सगळे येतायत! चौघंही!… चावी? मला? आत्ता?… अहो पण जोडपं… कळवता? ताई, चावी दिली गं त्यांनी! ताईऽऽ, चावी माझ्या हातात—

…हो, काकू. सॉरी… हो… नाही, लक्षात नव्हतं.

ताई, आता मी हळू बोलते, तू कान लावून ऐक. काकू झोपायला निघाल्यात. म्हणतायत दुपारचा नियम आजपासून लागू, आणि आत्तापर्यंत या घरात सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलेय… हो. मावशीलाही लागू… नाही, डॉक्टरीणबाईंची काही बोलली नाहीत. तीच दोघं माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवतायत.

ठेवते. चपला हातात घेऊन जिना उतरायचाय.