मंगलचा लाल ठिपका

जमलेल्या बायाबापड्यांनो, मला उभं राहवत न्हाई, मी खुर्चीतूनच बोलते. सरपंच, तुमी माज्या हातात हा कागद दिलासा. मनोगत लिवून आणलंय म्हणालासा. आवं, गेल्याच म्हयन्यात माजा अंगठा शाईत बुडवून तुमीच कागदावर टेकवला न्हवं? यवढ्यात इसरलासा? मला वाचता येत न्हाई. घ्या हा माघारी.

पर तुमचं एकट्याचं काय सांगू. आज हितं समदीच इसराळू बसल्यात.

मंगल गेली, आज पाचवा दिस. माज्या लेकीच्या वयाची बाई. माज्या माघारी तिनं चार शब्द बोलायचं, तर तिच्या माघारी मीच बोलतेय. पर रडायला घरी जागा हाय. हितं मला भांडायचंय.

आपल्या दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर ती अठरा वर्सं बसली. म्हसवडची पोर, तोंडानं फटकळ. मला इचारायची, "आजी, गोळी खाल्लीसा, का चिमण्यांना घातलीसा?" मी म्हणायची, "चिमण्यांना बी लागतीच गं, तुजा आवाज ऐकून त्यांचं बी प्रेशर वाढलंय." मग आतनं हसायची आन् बाहेरनं रागवायची.

मगाशी तालुक्याच्या आरोग्य हापिसातले साहेब बोलले. साहेब, उन्हाचं लांबनं आलासा, बरं वाटलं. तुमी म्हणालासा, मंगलताईंच्या काळात हे केंद्र मोबाईलवर कायम हिरवं असायचं. समद्यांनी माना हलवल्या.

साहेब, हे खोटं हाय.

तिचं केंद्र लाल असायचं. सारखं लाल असायचं. आन् तेच तिचं मोठेपण व्हतं.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगते. मागं दवाखान्याला सरकारी मोबाईल आला. कुठली गोळी किती दिली, किती उरली, ते रोज त्यात भरायचं. औषध शिल्लक असलं की हिरवा ठिपका, पार संपलं की लाल. तो ठिपका साहेबांच्या हापिसात दिसायचा. लाल दिसला की गाडी भरून औषध धाडायचं, हिरवा दिसला की न्हाई. बेत चांगला व्हता, मी नावं ठेवत न्हाई. मला अक्षर कळत न्हाई, पर रंग कळतो. मंगलनं पयल्यांदा दावलं तवा मी म्हणाले, "मोबाईलला कुंकू लावलंस व्हय गं?" ती म्हणाली, "आजी, हे कुंकू लागलं की आपल्याला गोळ्या येत्यात."

मग बिघडलं कुठं? लाल दिसलं की गाडीच्या आधी कागद येऊ लागला. औषध संपलंच कसं, खुलासा करा. आवं, माणसं आजारी पडली म्हणून संपलं, आनखी कसं संपतंय? बैठकीत लालवाल्यांना उभं करायचं, हिरव्यावाल्यांना बसवून चहा द्यायचा. मग आसपासच्या केंद्रांनी एक युक्ती काढली. शेवटचा खोका द्यायचाच न्हाई. कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं. एक खोका शिल्लक, म्हंजी ठिपका हिरवा. ठिपका हिरवा, म्हंजी कागद न्हाई. आन् ठिपका हिरवा, म्हंजी गाडी बी न्हाई. खिडकीवर माणूस हात पसरून उभा, आन् मोबाईल सांगतोय औषध हाय.

मंगलनं असलं कवा केलं न्हाई. शेवटची पट्टी माणसाच्या हातावर ठेवायची, मोबाईलात शून्य भरायची, आन् बैठकीत जाऊन उभी राहायची. मी इचारलं, "लाज वाटत न्हाई का गं, चारचौघांत उभं राहायला?" म्हणाली, "आजी, पाय दुखत्यात. लाज न्हाई वाटत."

बायांनो, तुमाला इचारते. आपण पिठाचा डबा पार झाडून घेतो का? न्हाई घेत. तळाला मूठभर ठेवतो. माज्या सासूनं मला शिकवलं, मी सुनंला शिकवलं. पर दारात कुणी उपाशी येऊन उभं राहिलं, तर ती मूठ काढतो का न्हाई? का त्याला म्हणतो, बाबा, डबा रिकामा दिसंल, तू उपाशी जा?

दोन म्हयनं मंगल अंथरुणाला खिळली व्हती. तिच्या जागी नवा माणूस आला. तो तितं मागं मान खाली घालून उभा हाय. रं बाबा, मान वर कर. माजं भांडण तुज्याशी न्हाई.

मंगलची सासू, आमची हौसाक्का, प्रेशरच्या गोळीवर हाय. मी तिला घेऊन खिडकीवर गेले. गोळ्या न्हाईत. फुडच्या मंगळवारी गेलो, न्हाईत. तिसऱ्या मंगळवारी मी खिडकीतनं डोकं आत घातलं. माजी नजर अजून शाबूत हाय. कपाटाच्या काचंतनं प्रेशरच्या गोळ्यांचा खोका दिसला, निळ्या पट्टीचा. मी म्हणाले, "मग ते काय हाय?" हा बिचारा म्हणाला, "आजी, तो शेवटचा हाय. तो दिला की लाल हुतं." मी म्हणाले, "हुंदे की." म्हणाला, "आजी, मला कागद येतो."

हौसाक्काला घरी सोडाय गेले तवा मी मंगलला सांगितलं. सांगाय नगं व्हतं. ती उठून बसली. धाप लागली व्हती. म्हणाली, "आजी, त्याला म्हणावं शून्य भर. शून्य भरल्याबिगर वर कुणाला कळायचं न्हाई." तिचं माज्याशी शेवटचं बोलणं ते. सवताच्या दुखण्याचं एक अक्षर न्हाई.

अठरा वर्सं जिनं गावाला गोळ्या दिल्या, तिच्याच सासूला गोळी न्हाई. खोका हाय, गोळी न्हाई. आन् साहेब, तुमी तिला हिरवी म्हणताय? तिला हार घालताय, आन् तिनं जे केलं त्याला कागद धाडताय? तिच्या फोटूफुडं बसून सांगा. उद्या सकाळी खिडकी उघडंल तवा तो खोका फोडायचा, वाटायचा, शून्य भरायचं. आन् तुमी कागद न्हाई, गाडी धाडायची. माजं यवढंच मागणं हाय. उत्तर मला देऊ नगासा. तिला द्या.

आता समदी गप बसूया, मनात साठ मोजूस्तवर. मोबाईल खिशात घाला. साहेब, तुमी बी.

...

झालं. मंगल, जा बाई. तितं बी कुणाला रिकाम्या हातानं माघारी धाडू नगंस.

आन् उठायच्या आधी ऐका. त्या घरात चूल पेटलेली न्हाई. भाकरी तुमीच धाडताय, चांगलं करताय. पर काल कुणीतरी ठेचा आन् लोणचं धाडलं. हौसाक्काची गोळी बंद हाय, हे बी इसरलासा? तिला ज्वारीच्या कण्या धाडा, मऊ शिजवून, वर पातळ ताक. मीठ घालू नगासा. ज्या दिशी आपल्या केंद्राचा ठिपका लाल हुईल, त्या दिशी चिमूटभर घाला. तवर अळणीच धाडा.