बर्फाखालची माती

डोंगराकडे जाणाऱ्या बसची वाट बघत मास्तरीणबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांना पुढचं पान उलटवेना.

“काकू, तुम्ही वर नका येऊ. आता बर्फ वितळतोय. तो सापडला की मी लगेच फोन करतो.”

“माझा लेक बर्फाखाली गेला त्याला चार महिने झाले. घरी किती बसू? तुम्ही दोघं मातीच तपासायचात ना? मग खरं सांग. बर्फात माणूस तसाच राहतो ना?”

“बर्फात राहतो.”

“आणि मातीला टेकलेला असला तर?”

“जाड बर्फाखाली माती पुरती गोठत नाही, काकू. तिच्यातले जंतू थंडीभर काम करतात. उन्हाळ्यातले वेगळे, हे वेगळे. त्यांचेच नमुने आणायला गेला होता तो.”

“कसलं काम करतात?”

“मेलेलं कुजवतात. पाला, मुळं. अगदी सावकाश.”

“तोंड ओळखू येईल का?”

“उताणा असेल तर येईल.”

“पाळण्यात होता तेव्हापासून पालथाच झोपायचा.”

तो उठून उभा राहिला.

“बस आली, काकू. पिशवी द्या माझ्याकडे.”