शिंप्याचं बोट

सर्जन : मागच्या वेळी निघताना 'येतो' म्हणालात, ते इतकं मनावर घ्यायचं?

जवान : शब्दाला जागतो मी, डॉक्टर. आधी खांदा, मग मांडी, आता उजव्या हाताचं हे बोट.

सर्जन : लढाई सुरू झाल्यापासून तिसऱ्यांदा! जावईसुद्धा इतका येत नाही. सिस्टर, हात बधिर झाला का बघा.

सिस्टर : हात झालाय. तोंड राहिलंय.

सर्जन : सांधा फुटलाय, पण बोट वाचेल. असं जोडतो की पुन्हा बंदूक चालवाल.

जवान : तेच तर दुखणं आहे. तुम्ही जोडता, ते परत आघाडीवर धाडतात. जरा वाईट काम करता येत नाही का तुम्हाला?

सर्जन : अशी तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

जवान : कापूनच टाका ना. हे बोट गेलं की घरी सोडतात.

सर्जन : घरी काय करता?

जवान : शिंपी आहे.

सर्जन : वा! मग सुई काय दातात धरणार?

जवान : बोट नसलेला शिंपी बायकोला चालेल. चौथ्या खेपेला मी इथवर पोचेन का, ते सांगा.

सिस्टर : बोला आता, डॉक्टर.

सर्जन : काय बोलू? खांदा मी शिवला, मांडी मी शिवली. सगळ्यांनी पाठ थोपटली. माणसं शिवून शिवून मरायला धाडतोय मी, सिस्टर. लाज वाटते. ...ती जाड तार द्या.

सिस्टर : सांध्यातून आरपार? बोट जन्मभर ताठ राहील.

सर्जन : राहू दे. कापड दाबून धरायला ताठ बोट चालतं. बंदुकीचा घोडा ओढायला चालत नाही.

सिस्टर : मोठे साहेब विचारतील, तुमच्या हातून असं कसं झालं?

सर्जन : सांगा, म्हातारा झालाय, हात थरथरतो.

सिस्टर : तुमचा हात? कोण विश्वास ठेवेल?

सर्जन : लढाई आठवड्यात संपेल यावर ठेवलाच ना सगळ्यांनी?

जवान : डॉक्टर, तुमचं नाव खराब होईल हो.

सर्जन : गिऱ्हाइकानं सांगितलं तसं शिवून देतोय. शिंप्याला हे मी समजवायचं? गप्प पडा, हलू नका.

(पट्टी बांधून झाली आहे. स्ट्रेचर दाराशी.)

जवान : बायको तुम्हाला दुवा देईल, डॉक्टर. बरं, येतो.

सर्जन : येतो काय! जातो म्हणा.