पाणी घोट्याइतकंच होतं

सज्जन श्रोतेहो, आणि हे आख्यान ज्यांच्या हाती छापील स्वरूपात पडेल ते वाचकहो! आज मी एका नदीची कथा यथामती निवेदन करणार आहे. ती गोड नाही, हे आरंभीच नमूद करतो. ज्यांना गोडच हवे, त्यांच्यासाठी शेवटी प्रसाद आहे!

प्रश्न एकच. लेकरू जन्मास येते तेव्हा मुठी आवळून येते. पण त्या मुठीत दगड असतो का हो? नसतो! मग तो दगड देतो कोण?

मंडळी, ऐका. कोकणपट्टीत दोन गावे. अलीकडे आंबेखोल, पलीकडे तळेखोल, मधून नदी. आंबेखोलची देवी थोरली, तळेखोलची धाकटी – सख्ख्या बहिणी! शिमग्यात दोघींच्या पालख्या नदीच्या पात्रात भेटत. रीत अशी, की पलीकडून धाकटीची माणसे गाऊन विचारीत, "थोरले बाई, पाणी किती?" आणि अलीकडून अवघे गाव उत्तर देई, "घोट्याइतकं गं, घोट्याइतकं! ये धाकटे, ये!" उत्तर आल्यावाचून पात्रात पाऊल घालणे नाही. उत्तर आले, की पालखीमागून आंबेखोलच्या लेकी – तळेखोलला दिलेल्या – धावत येत नि आयांच्या गळ्यात पडत. देवीची भेट ती देवीची, खरी भेट ह्यांची!

मग बिघडले काय? मान! दोन्ही पालख्या एकदम लवत असत. आंबेखोलचे मानकरी धोंडजी आबा भुवड एके वर्षी म्हणाले, "आमची थोरली. तुमची आधी लवेल!" तळेखोलचे गंगाराम शिगवण म्हणाले, "देवी आल्या होत्या काय तुम्हांला सांगायला?" – झाले! पालख्या माघारी फिरल्या.

भांडण एवढ्यावर राहते तर विझतेही. परंतु आबा पुढारी! त्यांनी गाण्याचे उत्तरच बदलले. शिमगा आला, की पोरे ओटीवर बसवीत आणि घोकून घेत – "बुडशील बाई, माघारी जा!" ज्याचा आवाज मोठा, त्याला खोबऱ्याची वाटी! पलीकडे गंगाराम काय हात जोडून बसले होते? ते आपल्या पोरांना सांगत, "आंबेखोलचे 'ये' म्हणतात नि पाण्यात बुडवतात." दोन शाळा, दोन गुरुजी, सुट्टी नाही!

आता दैव पाहा. आबांची एकुलती लेक वत्सला तळेखोललाच दिलेली – भांडणाच्या आधी. लेकींचे येणेजाणे तुटले, तसे तिचेही तुटले. वर्षे लोटली, ओटीवरची पोरे तरणी झाली. आणि एका शिमग्यात आबांच्या पत्नी सत्यभामाकाकू शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या. म्हणाल्या, "देवीचा मान तुम्ही बघा. माझी लेक मला दाखवा."

आबांनी निरोप धाडला – ये!

वत्सला निघाली, कडेवर मुलगी मैना. नदीवर आली तर दोन्ही काठ शिमग्याच्या माणसांनी भरलेले. तिने रीतीप्रमाणे हाक दिली, "थोरले बाई, पाणी किती?"

अलीकडून तरण्या पोरांनी ढोलावर टिपरू मारले – "बुडशील बाई, माघारी जा!"

आबा धावले. "गप्प बसा रे! माझी वत्सी आहे ती!"

"तुमचीच लेक कशी आली, आबा? मग आमच्या बहिणींनी काय केलंवतं?"

"अरे, तिला 'ये' म्हणा!"

"'ये' कसं म्हणायचं ते तुम्ही शिकवलंत कुठं?"

आबांनी एकट्याने तोंड उघडले. "घोट्याइतकं गं..." म्हातारा आवाज! ढोलाखाली गेला. तरी लेकीने ओठ वाचले. तिने पाऊल उचलले – आणि कडेवरची मैना किंचाळली. "आई, नको! ते आजोबा बुडवतात!" आईच्या मानेला नखे रुतवली पोरीने, अंग ताठ केले, डोळे पांढरे झाले. पाणी किती, मंडळी? फाल्गुनातले! खालची वाळू मोजता यावी इतके!

वत्सला लेकरू आवरीत काठावरच बसली. इतक्यात घरून माणूस आला. "आबा, चला. काकू गेल्या."

ढोल तेव्हा थांबला. त्यानंतर कुणालाही कुणी अडवले नाही. वत्सला पात्र ओलांडून आली, पायांचे घोटेही धड भिजले नाहीत. आबा हात पुढे करून उभे होते. नातीने तोंड फिरवले. जन्मात पहिल्यांदा आजोबांना पाहत होती ती, परंतु आजोबा तिला आधीच पाठ होते!

काय मंडळी, हळहळलात? थांबा! पुढच्या रांगेतील मानकऱ्यांनो, फेटे सुंदर बांधले आहेत. आज घरी गेल्यावर एवढेच करा. लेकराला जवळ घ्या नि विचारा, "बाळ, पलीकडच्या वाडीतली माणसं कशी असतात रे?" ते बोलू लागेल. शब्द ऐकू नका, आवाज ओळखा. तो तुमचाच आहे!

बोलण्यात कडूपणा फार आला, तो गोड करण्याची विद्या मजपाशी नाही. ज्यांनी बसून ऐकले आणि ज्यांनी हे अखेरपर्यंत वाचले, त्या सर्वांचा ऋणी –

हरिदास विश्राम पाष्टे, कीर्तनकार