ठेंगणी पोवळी

...नाही, नाही, नळी काढू नका तोंडातून! राहू द्या, सवय होऊ दे, पाण्यात उतरल्यावर कुठं गप्पा मारायच्यात तुम्हाला? बोलायचं काम माझं — तुम्ही नुसती मान हलवा. आमच्या घरात तसंही बोलणारी मी एकटीच. हात वर करा, पट्टा आवळते. जड लागतोय? शिसं आहे, जड लागणारच — त्याच्याशिवाय तुम्ही वरच तरंगत राहाल आणि दादा खाली हसत बसेल. दादा म्हणजे तो, बोटीच्या टोकाला बसलाय ना, माझा थोरला भाऊ, तुम्हाला खाली नेणारा. हाका मारून उपयोग नाही, कान गेलेत त्याचे — सगळा जन्म पाण्याखाली, कान काय लोखंडाचे असतात? — म्हणून तर त्याच्यादेखत मनमोकळं बोलता येतं.

हं, तर तुम्ही मघाशी विचारत होता, की एकाच जातीचं मऊ पोवळं एका फोटोत ठेंगणं, जाडजूड आणि दुसऱ्या फोटोत उंच, सडपातळ, असं कसं? अहो, खोलीमुळं. वरच्या पाण्यात लाटांचा मार, तिथं जो उंच वाढेल त्याची मान मोडेल — मग ते बिचारं अंग चोरून वाढतं, बुंधा जाड, बोटं आखूड. खाली सगळं शांत, पण उजेड कमी — तिथं ते उंच होतं, फांद्या पातळ करून पसरतं, मिळेल तेवढा उजेड पदरात पाडून घेतं. जात तीच हं! दादा त्यावरूनच खोली ओळखतो. ठेंगणी दिसली म्हणजे अजून वरच आहोत, उंच दिसायला लागली की बस्स, माघारी. खोली दाखवायचं यंत्र? आहे की, घरी पडलंय — आताशा त्यातले आकडे त्याला दिसत नाहीत. आणि गिऱ्हाईक सारखं मनगट बघायला लागलं की त्याला अपमान वाटतो, म्हणून तुमचंही मघाशी मी काढून पिशवीत ठेवलं. पिशवी? ती किनाऱ्यावर राहिली. असू द्या हो, काही होत नाही.

आता भिंत झाल्यापासून जरा — म्हणजे फार नाही, जरा — ती बंदराची नवी भिंत दिसते ना, तिच्या फटीतून ओहोटीचं पाणी सुसाट सुटतं, पार तळाशी. मग तिथं खालीसुद्धा पोवळी अंग चोरायला लागली. खोल पाण्यात ठेंगणी! मार बसला की कुणीही आखडतं, त्याला वर काय नि खाली काय. मी दोरीला शिसं बांधून सोडलं एकदा तिथं, तर दोरी संपली, तळ लागेना. दादाला सांगितलं, कानाशी ओरडून सांगितलं. म्हणतो, तू मला पाणी शिकवतेस? म्हटलं, बरं बाबा, चुकलं माझं.

दोरी का सोडली? — ते मास्तरांच्या वेळचं. मास्तर म्हणजे शाळेत शिकवणारे एक गृहस्थ, तुमच्यासारखेच फोटोच्या नादाचे. दादा त्यांना ठेंगणी बघत-बघत नेत गेला — अजून वरच आहोत, अजून वरच आहोत — आणि खोलात हवा भराभर संपते, तशी संपली, मग दोघं एकदम वर आले. असं एकदम वर यायचं नसतं, रक्तात बुडबुडे धरतात, अंग लुळं पडतं. दादाचं शरीर मुरलेलं, अंथरुणाला खिळला होता, पण उठला. मास्तर? चांगले आहेत हो! बोलतात, जेवतात, हसतातसुद्धा. चाकांची खुर्ची आहे, बायको ढकलते.

असे डोळे करू नका, काचेला वाफ धरते. मी उगाच बडबडते, माझ्या तोंडाला कुलूप नाही. हात सोडा बघू माझा. उलट तुम्ही आहात म्हणून तर मी निवांत आहे! मध्यंतरी गिऱ्हाईक नव्हतं तर हा एकटाच उतरला — आणि एकटा असला की त्याला वर यायचं सुचतच नाही. विसरतो. घरातसुद्धा मला आई समजून हाक मारतो. मी इथं बोटीत, जीव टांगणीला, बुडबुडे मोजत — आणि बुडबुडे थांबले. त्या दिवशी कमरेला दोरी होती म्हणून ओढून काढला. आता दोरी बांधू देत नाही. घरात कोंडला तर दार फोडतो. मग काय करू मी? कुणी बरोबर असलं, ते घाबरलं, त्याचा हात ओढायला लागलं, की त्याला आठवतं — अरे हो, वर जायचंय! तेवढ्यासाठी गिऱ्हाईक शोधते मी. वाईट आहे का हे? असेल. मला त्याच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

बघतोय तो इकडे. काही नाही, दादा, काही नाही! तयार आहेत हे! — ऐकू गेलं नसेल, मान हलवते. हसला बघा. किती दिवसांनी हसला.

हं, नळी दातांत घट्ट धरा. पाठीवर पडायचं, बाकी सगळं तो करेल. काठ कशाला धरलाय? बोटं दुखतील. घाबरलात तर चांगलंच आहे, खाली गेल्यावर त्याचा हात ओढा, जोरात ओढा. सोडा. एकट्याला नाही पाठवणार मी त्याला — सोडा म्हणते ना. जा.