अठरा तारखेचं जहाज

तनय : आई परवा मावशीला सांगत होती, आमचा तनय बंगलोरला गॅस एजन्सीत आहे.

शाल्मली : मग चुकलं काय? गॅसच आहे. सिलिंडरऐवजी जहाज, एवढाच फरक.

तनय : मी म्हटलं, अगं, थंड करून पातळ केलेला गॅस नेणारी जहाजं असतात, ती आम्ही लोकांना भाड्याने मिळवून देतो. तर म्हणे, म्हणजे दलालच की. मग इंजिनिअरिंग कशाला केलंस?

शाल्मली : माझ्या सासूबाई ‘शिपिंगमध्ये आहे’ म्हणतात आणि घाईघाईने चहा टाकायला जातात. जहाजमालकाचे दलाल, ते राव, आले का लाइनवर?

तनय : कुठे? मालकाला विचारतो म्हणून गेलेत, वीस मिनिटं झाली. काय खडूस म्हातारा आहे यार. जहाज मालकाचं आणि तोरा ह्याचा.

शाल्मली : म्यूट केलंयस ना?

तनय : केलंय गं. आणि ऐकलं तरी चामराजपेटच्या कानडी माणसाला मराठी काय कळणार?

शाल्मली : माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलाय. आपल्या पार्टीचं स्वतःचं जहाज बिघडून पडलंय. अठरा तारखेला गॅस उचलला नाही तर टाक्या तुडुंब भरून त्यांचा प्लांट बंद. हे रावांना कळलं तर ते म्हणतील तेवढं भाडं द्यावं लागेल.

तनय : दुसरं जहाज बघू ना.

शाल्मली : अख्ख्या समुद्रात त्या तारखेला हे एकच मोकळं आहे. म्हणून तर सकाळपासून ‘आम्हाला काही घाई नाही’चं नाटक चाललंय.

गुंडोराव : नमस्कार. गुंडोराव बोलतो. माझा आवाज येतो का? तुमचा स्वच्छ येतोय.

(तनय स्क्रीनकडे बघतो. म्यूट झालेलंच नाही.)

शाल्मली : सर, तुम्हाला मराठी येतं?

गुंडोराव : घरचीच भाषा अक्का. सात पिढ्या इथे झाल्या, म्हणून कन्नड पडते मध्ये स्वल्प. खडूसला आमच्याकडे खत्रूड म्हणत.

तनय : सॉरी सर, मी ते...

गुंडोराव : राहू दे. म्हातारा तर आहेच मी.

शाल्मली : कधीपासून ऐकताय?

गुंडोराव : गॅस एजन्सीपासून. मालकाने फोन उचलला नाही, मी इथेच होतो.

तनय : शाल्मली, कट कर. लाइन गेली म्हणू. आपण काही बोललोच नाही.

गुंडोराव : हे पण ऐकू आलं.

शाल्मली : सर, मालकाला सांगू नका, असं म्हटलं तर?

गुंडोराव : नाही जमणार. मीठ त्यांचं खातो. ऐकलेलं पोटात ठेवलं तर मी कसला दलाल?

शाल्मली : ही पार्टी हातची जाईल माझ्या. तीन वर्षं खेटे घातलेत तिच्यासाठी.

गुंडोराव : जाईल. पण तुझ्या पार्टीला हे बाहेरून कळलं तर तिच्याबरोबर तुझं नावही जाईल. तूच आधी सांग. माझा सारू-भात गार होतोय. अर्ध्या तासाने मालकाला फोन लावतो. सरी? चालेल ना?

शाल्मली : सरी.

(अर्ध्या तासाने.)

गुंडोराव : हां, जेवलो. बोल अक्का.

शाल्मली : सांगितलं सगळं. मीच बोलले, लाइन चालू होती, म्हणून.

तनय : माझं नाव नाही घेतलं तिने. म्यूट मी करायचं होतं.

गुंडोराव : काय म्हणाले?

शाल्मली : आधी पाच मिनिटं शिव्या. मग म्हणाले, मागतील त्या भाड्याला हे जहाज पक्कं कर, आणि त्यानंतर आम्हाला फोन करू नकोस.

गुंडोराव : हं. मालक भाडं वाढवणार. मी त्यांना अडवणार नाही.

शाल्मली : माहितीये. वाईट वाटतंय, पण तुमच्यावर राग नाही. फक्त एक सांगा. आम्ही बडबडत होतो तेव्हाच का नाही बोललात? मी तोंड आवरलं असतं.

गुंडोराव : बोलायला हवं होतं. ती चूक माझी. बायको जाऊन चार वर्षं झाली, पोरं घरात कन्नड नाहीतर इंग्रजी बोलतात. मराठी कानावर पडली, म्हणून जरा ऐकत बसलो.